आठवड्याला शंभर राउंड

पॉइंट टू टूचा राउंड, म्हणजे ०.२२ इंची रायफलचं काडतूस, पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा बोटांना मेण लागलं. अगदी पातळ थर, किंचित चिकट, शिशाच्या रंगानं राखाडी झालेला. मी राउंड रुमालाला पुसायला गेले तर शस्त्रागारातले काका म्हणाले, "पुसू नकोस पोरी, त्या मेणावरच गोळी चालते." तेव्हा मी नुसती मान हलवली. त्या वाक्याचा अर्थ कळायला चार महिने आणि कित्येक डबे खर्ची पडले.

मी अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर नाहीतर मायक्रोमीटर. सुट्टीच्या दिवशी नेमबाजी, तीन वर्षं दहा मीटर एअर रायफल. तिथे खर्चाचा विचार एकदाच केला होता, रायफल घेताना. पेलेटचा, म्हणजे छर्‍यांचा, पाचशेचा डबा आणला की महिना निघतो. डोकं ४.४९ मिलिमीटरचं घ्यायचं की ४.५० चं, असले वाद तिथेही असतात, पण त्या वादानं कुणाच्या घरचं गणित बिघडत नाही.

मग १ ऑगस्ट २०२४ ची दुपार आली. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमधलं आमचं अख्खं टेबल एका मोबाइलवर वाकलं होतं. पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळे ५० मीटर थ्री पोझिशनच्या, म्हणजे गुडघ्यावर, आडवं आणि उभं राहून मारायच्या प्रकाराच्या, फायनलमध्ये उभा होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, रेल्वेत टीसी. ४५१.४ गुण आणि कांस्य. माझी पोळी ताटातच राहिली. त्याआधी २०१० मध्ये तेजस्विनी सावंतनं म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर आडवं होऊन मारायच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७ मारून विश्वविजेतेपद आणलं होतं, तेव्हापासून हा प्रकार मनात होताच. त्या दुपारनंतर तो मनात ठेवून भागेना. पुढच्या रविवारी मी क्लबच्या प्रशिक्षक सरांना सांगितलं, मला पन्नास मीटर करायचंय.

लांब पल्ल्याची नेमबाजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हजार मीटर येतात. तीनशे मीटरच्या जागतिक स्पर्धाही होतात. पण मुंबईत, वरळी सी फेसवरच्या रेंजला सुट्टीच्या दिवशी जाणाऱ्या माझ्यासारखीला पन्नास मीटर हाच लांब पल्ला. आणि तो लहान नाही. एअर रायफलच्या दहा मीटरमध्ये वारा नसतो, गोळी खाली येत नाही म्हटलं तरी चालतं. इथे पॉइंट टू टूची गोळी पन्नास मीटर जाईपर्यंत साधारण साडेबारा सेंटिमीटर खाली येते, आणि समुद्रावरून आलेली झुळूक तिला बाजूला ढकलते ती वेगळीच.

पहिला धक्का पैशांचा होता. इथे डबा पन्नास राउंडचा. प्रोनच्या मॅचला साठ शॉट लागतात, त्याआधीचे साइटर, म्हणजे गुणांत न धरले जाणारे चाचणीचे शॉट, वेगळे. म्हणजे एका सरावातच दुसरा डबा फुटतो. पगारातून बाजूला काढता येतील ते पैसे मी मोजले आणि ठरवलं, काहीही झालं तरी आठवड्याला शंभर राउंड त्यात बसले पाहिजेत. शंभरच्या खाली गेलं तर शरीर काही शिकत नाही, हे एअर रायफलनं शिकवलं होतं. पुढचे सगळे निर्णय मी या एका आकड्यावर घासून पाहिले.

परदेशातले नेमबाज गोळी कशी निवडावी हे सांगतात तेव्हा गृहीत धरतात की तुम्ही दुकानात जाल, दहा प्रकारचे डबे उचलाल आणि घरी आणाल. आपल्याकडे तसं नाही. पॉइंट टू टूचं काडतूस १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतं, खेळाच्या सामानाच्या दुकानात ते मिळत नाही. माझ्याकडे स्वतःच्या रायफलचा परवाना नाही. मी क्लबची रायफल वापरते, राउंड रजिस्टरमध्ये सही करून घेते आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत देते. मॅचच्या दर्जाच्या गोळ्या बाहेरून येतात, येतील तेव्हा येतात, आणि आल्या की ज्यांना आधी माहीत असतं त्यांची नावं आधी लागतात. त्यामुळे माझ्यापुढचा प्रश्न जगातली सगळ्यात चांगली स्वस्त गोळी कुठली, हा नव्हताच. काकांच्या कपाटात आज जे चार डबे आहेत त्यातला माझ्या रायफलला कुठला, एवढाच होता.

ते चार असे. एली कंपनीची टेनेक्स, जी मोठ्या स्पर्धांमधल्या अनेकांच्या शेजारी दिसते. त्याच कंपनीची 'क्लब' नावाची साधी गोळी. जर्मनीहून आलेली एस के स्टँडर्ड प्लस. आणि चौथा एक हाय व्हेलॉसिटीचा डबा, चौघांत सगळ्यात स्वस्त. टेनेक्सच्या एका डब्याच्या पैशात एस के किंवा क्लबचे जवळपास तीन डबे येत होते.

मला टेनेक्स हवी होती, हे कबूल करते. सर म्हणाले, "आधी तुझा ग्रुप आण, मग गोळीचं बोलू." मी ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, आणला. स्लिंग (हात आणि रायफल जोडणारा पट्टा) लावून, प्रोनमध्ये, दहा शॉट, पसारा चार सेंटिमीटरच्या घरात. सरांनी कागद उजेडाकडे धरला, भोकांकडे बघितलं आणि म्हणाले, "यातला गोळीचा किती आणि तुझा किती, सांगता येईल का तुला?" मला सांगता येईना. आणि क्वालिटीतल्या माणसाला हा प्रश्न झोपू देत नाही. मशीनवरून वाकडा पीस आला की आम्ही पहिल्यांदा हेच विचारतो, चूक मालाची की मशीनची की हाताची.

म्हणून मी स्वतःला बाजूला काढून गोळ्या तपासायचं ठरवलं. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, खांद्याला हलकी लावायची, ट्रिगर तेवढा माझा. रेंज सकाळी सातला, कारण दुपारनंतर समुद्राचा वारा सुरू झाला की मोजमापाला अर्थ राहत नाही. ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारासुद्धा या गोळीला पन्नास मीटरवर दीड-दोन सेंटिमीटर सरकवतो. हाताची काहीच चूक नसताना दहाचा नऊ होतो, कधी आठ.

पहिली चाचणी मी पूर्ण वाया घालवली. प्रत्येक डब्यातले पाच-पाच राउंड आलटून-पालटून मारले. कुठल्याच ग्रुपला शेंडा-बुडखा नव्हता. सगळ्यात महागडीचा ग्रुप सगळ्यात मोठा, आणि हाय व्हेलॉसिटीचे पाच शॉट एकमेकांना चिकटलेले. घरी येऊन मी वहीत आकडे मांडत बसले आणि जवळजवळ ठरवूनच टाकलं की स्वस्तातलीच घ्यावी.

सरांना वही दाखवली तेव्हा काकांचं ते मेणाचं वाक्य परत आलं. गोळीवरचं मेण प्रत्येक शॉटबरोबर बॅरलच्या आत एक थर सोडतं. प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं. ब्रँड बदलला की आधीच्या मेणावर नवीन मेण बसेपर्यंत गोळ्या कुठेही जातात, आणि बॅरल स्थिर व्हायला दहा-पंधरा, कधी वीस राउंड लागतात. मी दर पाच शॉटला ब्रँड बदलत होते, म्हणजे मी गोळी तपासतच नव्हते, मेणांची सरमिसळ तपासत होते. शिवाय पाच शॉटचा ग्रुप नशिबानंही छोटा येतो. दहा शॉटमध्ये नशीब इतकं टिकत नाही.

दुसऱ्यांदा नीट केलं. एका दिवशी एकच गोळी. आधी पंधरा राउंड नुसते बॅरलसाठी, कागदाकडे न बघता. मग दहा-दहाचे चार ग्रुप, प्रत्येक ग्रुप वेगळ्या चकतीवर. दोन महिन्यांतल्या चार सकाळी यात गेल्या, चार डब्यांपेक्षा जास्त राउंड गेले, आणि मधल्या आठवड्यांत मी एअर रायफल घेऊन घरात जमिनीवर प्रोनची पोझिशन लावत होते. आई विचारायची, "गोळ्या संपल्या का गं?" संपल्या नव्हत्या, राखून ठेवल्या होत्या.

मोजण्याबद्दल एक सांगते, कारण यात बरेच जण चुकतात. पॉइंट टू टूची गोळी ५.६ मिलिमीटरची, पण कागदावरचं भोक त्याहून किंचित लहान दिसतं, कारण कागद फाटून परत आत येतो. त्यामुळे ग्रुपच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजून त्यातून ५.६ वजा केले तर उत्तर खोटं येतं. मी बाजूला पडलेलं एकटं भोक व्हर्निअरनं मोजलं आणि तेवढं वजा केलं. व्हर्निअरचे जबडे कागदाला दाबायचे नाहीत, नुसते टेकवायचे, उजेड मागून घ्यायचा.

माझ्या हातातल्या त्या रायफलमध्ये, जी क्लबची जुनी आन्शुट्झ आहे, चार ग्रुपची सरासरी अशी आली. टेनेक्स १३ मिलिमीटर. एस के १६. क्लब १९. हाय व्हेलॉसिटी ३४. पहिल्या दिवशी एकमेकांना चिकटलेले ते पाच शॉट निव्वळ योगायोग होते. मी हे आकडे दुसऱ्या कुणाच्या रायफलसाठी सांगत नाहीये. शेजारच्या लेनवर एक ताई तसल्याच दुसऱ्या रायफलवर मारतात, त्यांच्या बॅरलला 'क्लब' गोळीच एस केपेक्षा जास्त मानवते. बॅरल सारखी दिसली तरी सारखी नसते.

हाय व्हेलॉसिटीचं मात्र कारण नीट समजून घेतलं, कारण किमतीमुळे नवशिका तिकडेच वळतो आणि मीही वळतच होते. नावातला वेग बघून वाटतं, जास्त वेग म्हणजे जास्त सरळ. साधी मॅचची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटरनं निघते. मुंबईच्या तीस अंशांच्या हवेत आवाजाचा वेग सुमारे ३४९. म्हणजे ती पहिल्यापासून शेवटपर्यंत आवाजाच्या खालीच राहते. हाय व्हेलॉसिटी निघते ३७५ च्या आसपास, आवाजाच्या वर, आणि पन्नास मीटर गाठायच्या आतच वेग ओसरून आवाजाची रेषा ओलांडून खाली येते. त्या ओलांडण्याच्या पट्ट्यात हवा तिला हेलकावे देते. आवाजाजवळच्या वेगाला हवेचा अडथळा एकदम वाढतो, म्हणून वाराही तिला साध्या गोळीपेक्षा जास्त ढकलतो. वेगवान गोळी वाऱ्यात जास्त वाहते, हे पटायला मला वेळ लागला, पण कागदावर दिसलं. ती पहिल्यांदा मारली तेव्हा चाबकासारखा कडाड आवाज झाला होता आणि बाजूच्या लेनवरच्या मुलानं डोळा नेम धरायच्या साइटवरून काढला होता. तो आवाज म्हणजेच ती रेषा.

म्हणजे चौथा डबा गेला. उरल्या तीन. १३, १६ आणि १९.

दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे. गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून आठ मिलिमीटरच्या आत असला की पुरे. आता एक राउंड दुसऱ्यापेक्षा सेकंदाला दहा मीटरनं हळू निघाला, तर तो कागदावर साधारण आठ मिलिमीटर खाली लागतो. अगदी मधोमध नेम, ट्रिगर स्वच्छ, आणि दहाच्या काठावर. महाग गोळीचे पैसे या दहा मीटरचा फरक कमी करण्यासाठी असतात. पॉइंट टू टूच्या काडतुसात पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेच्या पोकळ घडीत असतं. ते ओलं भरून, काडतूस फिरवून कडेपर्यंत पोचवतात. घडीत ते सगळीकडे सारखं बसलं नाही तर प्रत्येक राउंड वेगळा पेटतो. मी रोज वर्कशॉपमध्ये बघते की दर पीसमध्ये शतांश मिलिमीटर सांभाळायला काय लागतं. त्यामुळे टेनेक्सची किंमत मला अन्यायाची वाटली नाही. वाशीच्या मार्केटात हापूसची पेटी प्रतवारी लावून येते तसंच हे, निवडीचे पैसे असतात.

पण ती किंमत मी द्यावी का, हा वेगळा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर डोळे झाकून केलेल्या चाचणीत मिळालं.

शेजारच्या त्या ताईंनी ही कल्पना काढली. ट्रेमध्ये त्यांनी राउंड भरायचे, मला सांगायचं नाही कुठले. बॅरल स्थिर करायचे राउंडही त्यांनीच आधी मारायचे. मी फक्त प्रोनमध्ये आडवी होऊन, स्लिंग लावून, रोज मारते तशी मारणार. तीन रविवार हे केलं, प्रत्येक वेळी दोन ग्रुप. शेवटी त्यांनी चिठ्ठी उघडली. टेनेक्सची सरासरी ३६ मिलिमीटर, एस केची ३८. कुठल्या दिवशी कुठली होती हे ओळखायला सांगितलं असतं तर मी चुकलेच असते.

घरी येऊन मी ते गणित मांडलं. माणसाची चूक आणि गोळीची चूक यांची सरळ बेरीज होत नाही. त्या वेगवेगळ्या दिशांनी येतात, कधी एकमेकींना खातात. त्यांच्या वर्गांची बेरीज होते, नववीतल्या काटकोन त्रिकोणासारखी. माझा स्वतःचा पसारा ३४ धरला तर टेनेक्सबरोबर एकूण येतो साधारण ३६.४, एस केबरोबर ३७.६. सव्वा मिलिमीटरचा फरक. त्या सव्वा मिलिमीटरसाठी मला शंभरऐवजी तेहतीस राउंडवर यावं लागलं असतं. क्लब घेतली असती तर ३८.९, तीही चालली असती. पण हाय व्हेलॉसिटीबरोबर हाच आकडा ४८ वर जातो, तो मात्र कुणाच्याही डोळ्यांना दिसतो. त्या गोळीनं सराव केला तर वाईट शॉट माझा की तिचा हे कळत नाही, आणि ते न कळता कितीही राउंड मारले तरी शिकणं होत नाही. माझ्या मते स्वस्ताची सीमा इथे आहे. वाईट शॉट पडल्यावर तो आपलाच होता हे खात्रीनं म्हणता येईल एवढी गोळी चांगली हवी.

हेच गणित ज्याचा स्वतःचा हिस्सा दहाच मिलिमीटर आहे त्याच्यासाठी मांडा, तर एकूण १६.४ आणि १८.९ येतात. तिथे अडीच मिलिमीटर म्हणजे पदक. ते लोक टेनेक्ससाठी किंवा लापुआ कंपनीच्या वरच्या प्रतींसाठी पैसे मोजतात ते योग्यच आहे. मला तिथपर्यंत जायचंय. पण आज मी तिथे नाही.

मधे मी एक हौस करून घेतली. परदेशी नेमबाज स्वस्त राउंड कडेच्या जाडीवरून निवडतात आणि सारख्या जाडीचे एकत्र मारतात. कड चेंबरच्या, म्हणजे बॅरलमधल्या राउंड बसायच्या जागेच्या, तोंडाशी अडकते, तिच्या जाडीवर राउंड किती आत बसतो ते ठरतं, त्यामुळे कल्पना पटण्यासारखी. सरांची परवानगी काढली आणि शस्त्रागाराच्या टेबलावर काकांच्या देखत, एकेक करून, अजिबात दाब न देता शंभर राउंड मोजले. कडांची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास, फरक दोन-तीन शतांशांचा. तीन ढीग केले. पिशव्यांवरून मारले. १६ चे १६ राहिले. दोन तास गेले. चांगल्या लॉटमध्ये, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या मालात, ही निवड कारखान्यानंच बऱ्यापैकी केलेली असते, असं मला वाटतं. ते दोन तास मी पुढे वारा वाचायला दिले आणि त्याचा जास्त उपयोग झाला.

मे महिन्यात एक चूक केली तिचं मला अजून वाईट वाटतं. माझा नंबर यायला उशीर होता म्हणून डबा कट्ट्यावर ठेवून मी जॅकेट चढवत बसले, आणि कट्ट्यावर ऊन आलं ते लक्षात आलं नाही. अर्ध्या तासानं ट्रे काढला तर मेण मऊ होऊन काडतुसाच्या पितळेवर ओघळलं होतं आणि त्याला बारीक धूळ चिकटली होती. त्या राउंडांनी ग्रुप २७ वर गेला आणि दोन शॉट काही कारण नसताना वर लागले. पन्नास राउंड. माझ्या आठवड्याचा निम्मा वाटा. आता मी लागतील तेवढेच राउंड छोट्या ट्रेमध्ये घेते, डबा टिफिनच्या जाड पिशवीत सावलीत ठेवते. मॅटवर पडलेला राउंड परत भरत नाही. धूळ पुसली तर मेण जातं आणि न पुसली तर धूळ बॅरलमध्ये जाते.

पावसाळ्यात एकदा ट्रिगर दाबला आणि नुसतं टक् झालं. अशा वेळी रायफल टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबायचं, मग बोल्ट उघडायचा, राउंड काकांच्या हातात द्यायचा. हे नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं, गोळी कितीही महाग असो.

एस के ठरली. पण गोळी ठरली म्हणजे काम झालं असं नसतं, लॉट ठरायला हवा. डब्याच्या टोकावर छापलेला लॉट नंबर म्हणजे त्या दिवशीचं मिश्रण, त्या दिवशीचं मशीन. एलीच्या वरच्या प्रतींवर तर वेगसुद्धा छापलेला असतो. त्याच नावाचा, त्याच रंगाचा पुढचा डबा दुसऱ्या लॉटचा असेल तर तो वेगळ्या कारखान्यातून आल्यासारखा वागू शकतो. म्हणून मी १६ मिलिमीटर देणारा लॉट नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि काकांकडे गेले. त्या लॉटचे पाचशेचे तीन गठ्ठे आले होते. एक आधीच गेलेला. दोन मी रजिस्टरमध्ये माझ्या नावावर राखून घेतले, पैसे दोन पगारांत दिले. हजार राउंड, दहा आठवडे.

मॅचसाठी दोन डबे टेनेक्स घेऊ का, असं मनात आलं होतं. सरांनी साइटवर हात ठेवून नुसतं विचारलं, "आणि क्लिक?" क्लिक म्हणजे साइट सरकवण्याचे टप्पे. गोळी बदलली की ती कागदावर लागते ती जागाही बदलते, माझ्या रायफलमध्ये टेनेक्स एस केपेक्षा साडेसहा मिलिमीटर वर लागते. त्यात बॅरलला नवीन मेण बसायला पंधरा राउंड. मॅचच्या सकाळी हे सगळं अंगावर घ्यायचं आणि वर नवीन गोळीवर विश्वासही ठेवायचा. जिनं सराव केला तिनंच मॅच मारायची, असं ठरवलं आणि परत तो विषय काढला नाही.

पहिल्या सरावमॅचला ६०० पैकी ५३८ झाले होते. दहा आठवड्यांनंतर, त्याच गोळीवर, त्याच लॉटवर ५६१. स्लिंगचा ताण कमी केला, श्वास सोडल्यावर थांबायची जागा सापडली, आणि वाऱ्याचा झेंडा पडेपर्यंत बोट ट्रिगरवरून काढायला शिकले. पिशव्यांवरून गोळी अजून १६ च देते. माझा पसारा ३४ वरून साधारण २३ वर आलाय.

गेल्या रविवारी शेवटचा डबा उघडला. काकांनी त्याच रंगाचा नवा डबा पुढे केला, मी तो उलटा करून टोक बघितलं, नंबर वेगळा. त्यांना म्हटलं, "यातले फक्त दोनच द्या." पुढच्या रविवारची सकाळी सातची लेन लिहून आले आहे. वाळूच्या पिशव्या, व्हर्निअर, पहिले पंधरा बॅरलसाठी, मग दहा-दहाचे चार.